बारनिशी ते ई-ऑफिस : मीरा-भाईंदरच्या नगरकारभाराचा दप्तरी इतिहास

28 फेब्रुवारी 2002 रोजी मीरा-भाईंदर नगरपरिषदेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. 28 फेब्रुवारी 2027 रोजी या घटनेला 25 वर्षे पूर्ण होतात. अशा टप्प्यावर संस्थेचा इतिहास लिहायला घेतला, की रस्ते, पूल, उद्याने, पाणीयोजना आणि पदाधिकारी यांच्या याद्या आपोआप समोर येतात. त्या हव्यातच. पण सामान्य नागरिकाची आणि महापालिकेची भेट होते ती अर्जाच्या कागदावर. जन्माचा दाखला, नळजोडणी, घरपट्टीवरचे नाव, दुकानाचा परवाना, बांधकामाची परवानगी, यांतल्या प्रत्येक कामात एक कागद आत येतो, पाच-सात टेबले फिरतो आणि निर्णय होऊन बाहेर पडतो. तो कसा फिरला, कोणाकडे किती थांबला आणि शेवटी कुठे जपला गेला, यावर संस्थेची पत ठरते. म्हणून आपल्या नगरकारभाराचा हा इतिहास दप्तराच्या बाजूने लिहिला आहे.

आज ज्या प्रणालींना वर्कफ्लो ऑटोमेशन आणि कंटेंट मॅनेजमेंट म्हणतात, त्या दोन साध्या प्रश्नांची उत्तरे देतात. आता पुढचे काम कोणाचे? आणि पूर्वी काय ठरले होते ते कुठे सापडेल? संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून हे प्रश्न प्रत्येक कचेरीत होते. त्यांची उत्तरे शोधण्याची आपल्या शहराची धडपड ग्रामपंचायतीच्या नोंदवहीपासून सुरू होते.

गावांची दप्तरे

महापालिकेचे क्षेत्र सुमारे 79 चौरस किलोमीटर आहे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. उत्तन, डोंगरी, राई, मुर्धा, भाईंदर, नवघर, गोडदेव, मिरे, काशी, घोडबंदर ही इथली जुनी गावे. मासेमारी, भातशेती आणि मिठागरे यांवर त्यांचा संसार चाले. आगरी, कोळी आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या या वस्त्यांचा कारभार ग्रामपंचायती पाहत.

ग्रामपंचायतीचे दप्तर आटोपशीर, पण पद्धतशीर असते. प्रत्येक कामाला शासनाने ठरवून दिलेला नमुना असतो. नमुना 8 मध्ये घरांची कर आकारणी, नमुना 9 मध्ये कराची मागणी आणि वसुली. शेतजमिनीचा सातबारा तलाठ्याकडे, घराची नोंद ग्रामसेवकाकडे. गावात माणसे एकमेकांना ओळखत असल्याने नोंद पडताळायला वेळ लागत नसे. घर कोणाचे, वाटणी कशी झाली, वारस कोण, हे पंचांना ठाऊक असे आणि वहीत त्याची लेखी खूण राही.

12 जून 1985 रोजी पाच ग्रामपंचायती एकत्र येऊन मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली. 1990 मध्ये आणखी चार ग्रामपंचायती तिच्यात आल्या. त्याबरोबर नऊ ग्रामपंचायतींची नऊ दप्तरे एका संस्थेची जबाबदारी झाली. हे एकत्रीकरण आपल्या संस्थेच्या माहितीव्यवस्थापनाचे पहिले मोठे काम मानले पाहिजे. जुन्या घरांच्या बाबतीत आजही ग्रामपंचायत काळातली नोंद पुरावा म्हणून मागितली जाते, आणि त्या वेळी त्या वह्यांचे मोल कळते.

टेबलांची साखळी

नगरपरिषद झाल्यावर कारभार 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाखाली आला. खाती वाढली, अधिकारी वाढले आणि कागदाचा प्रवास लांबला. त्या प्रवासाची रीत राज्यातल्या सगळ्या कार्यालयांत सारखीच होती.

अर्ज आला की आवक लिपिक त्यावर शिक्का मारून बारनिशीचा, म्हणजे आवक नोंदवहीचा, क्रमांक टाकी. अर्ज संबंधित विभागात जाई. तिथला लिपिक नस्ती, म्हणजे फाईल, उघडी. नस्तीचे दोन भाग असत. एका बाजूला पत्रव्यवहार, दुसऱ्या बाजूला टिप्पणी. लिपिक नियमाचा आधार देऊन टिप्पणी लिही आणि ‘मान्यतेस्तव सादर’ असा शेवट करी. मग ती नस्ती वरिष्ठ लिपिक, कार्यालय अधीक्षक, विभागप्रमुख अशी वर चढे. पैशांचा विषय असेल तर लेखा विभागाचे मत, कायद्याचा असेल तर विधी विभागाचे. मान्यता मिळाली की नस्ती त्याच वाटेने खाली येई, पत्राचा मसुदा तयार होई आणि ते जावक क्रमांकाने निर्गमित होई.

ही रीत विचारपूर्वक घडलेली आहे. प्रत्येक टेबलाला कारण आहे. एकाने तपासावे, दुसऱ्याने पडताळावे, तिसऱ्याने निर्णय घ्यावा आणि प्रत्येकाची सही राहावी, हा तिच्यामागचा हेतू. आजच्या कोणत्याही वर्कफ्लो सॉफ्टवेअरमध्ये जे टप्पे आखलेले असतात, ते याच साखळीचे रूप आहे. म्हणून ज्या लिपिकांनी या नस्त्या नीट चालवल्या, त्यांना या इतिहासात मानाची जागा आहे.

पण कागदाला दोन अडचणी होत्या. एक नस्ती एका वेळी एकाच टेबलावर असू शकते. लेखा विभागात ती असेल तर विधी विभागाला थांबावेच लागते. दुसरे म्हणजे, ती नेमकी कुठे आहे हे तिच्यामागे फिरल्याशिवाय कळत नाही. आपल्या शहरात ही अडचण भूगोलाने वाढवली. मुख्यालय भाईंदर पश्चिमेला आणि मीरा रोडची दाट वस्ती रेल्वेमार्गाच्या पूर्वेला. मीरा रोडच्या रहिवाशाला एका सहीच्या चौकशीसाठी रेल्वेमार्ग ओलांडून जावे लागणे म्हणजे त्याचा अर्धा दिवस, आणि रोजंदारीच्या माणसाची मजुरी.

नगरने दिलेला धडा

कार्यालयीन शिस्तीचा विचार महाराष्ट्रात संगणकाच्या आधीच झाला होता. 1980 च्या दशकाच्या आरंभी अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी आपल्या कचेरीची फेररचना केली. पुढे ती ‘लखीना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेली. बसण्याची मांडणी, लोकांना मिळणारी माहिती आणि टेबलावरचे कागद या तिन्ही गोष्टींना त्यांनी हात घातला. या फेररचनेचा गाभा म्हणजे सहा गठ्ठ्यांची पद्धत.

प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्याकडचे कागद सहा गठ्ठ्यांत ठेवायचे. पहिल्यात निर्णयासाठी प्रलंबित प्रकरणे. दुसऱ्यात दुसऱ्या कोणाच्या उत्तराच्या प्रतीक्षेत असलेली. तिसऱ्यात नियतकालिक विवरणपत्रे. चौथ्यात स्थायी आदेश. पाचव्यात अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि सहाव्यात नष्ट करायची. अभिलेखांचेही वर्ग ठरलेले असतात. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग तीस वर्षांचा, त्याखालचे ‘क’ आणि ‘ड’ कमी मुदतीचे.

या रचनेतली दूरदृष्टी आज अधिक स्पष्ट दिसते. प्रलंबित काय आणि प्रतीक्षेत काय हा भेद संगणकाच्या पडद्यावरच्या कामयादीत आजही तसाच असतो. कोणता दस्तऐवज किती काळ जपायचा हा नियम आधुनिक दस्तऐवज प्रणालीत तसाच भरावा लागतो. यंत्र नसताना केवळ विचाराच्या बळावर मराठी मुलखातल्या एका जिल्हा कचेरीने हे साधले. जिथे ही शिस्त आधी रुजली होती, तिथे पुढे संगणक सहज रुळला.

शहर वाढले, वह्या अपुऱ्या पडल्या

1991 च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. 2001 मध्ये ती 5 लाख 20 हजारांवर गेली आणि 2011 मध्ये 8 लाख 9 हजारांवर. मुंबईत घर परवडेना म्हणून हजारो कुटुंबे दहिसरच्या पुढे आली. शांतीनगर, शीतलनगर, नयानगर, पूनमसागर अशा वसाहती उभ्या राहिल्या. गिरणी, बँक, रेल्वे, टपाल, दुकान, चित्रपटसृष्टी, अशा नाना क्षेत्रांतली मराठी, गुजराती, राजस्थानी, उत्तर भारतीय, दक्षिणी माणसे एका जिन्यात राहू लागली. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने वाढले.

दहा वर्षांत लोकसंख्या तिप्पट होते तेव्हा नोंदींची संख्या त्याहून वेगाने वाढते. घर विकले जाते, पुन्हा विकले जाते. भाडेकरू बदलतात, मुले जन्मतात, दुकाने उघडतात. गावातली ओळख हीच खातरजमा असण्याचे दिवस संपले. आता समोरचा माणूस कोण, त्याचे कागद खरे का आणि मागची थकबाकी किती, हे सांगणारी एकच जागा होती, ती म्हणजे नोंद. वहीने लाखभर माणसांची सेवा केली होती. आठ लाखांसाठी ती अपुरी होती.

महानगरपालिका झाल्यावर 1949 चा महानगरपालिका अधिनियम लागू झाला. आयुक्त, अतिरिक्त आयुक्त, उपायुक्त, मुख्य लेखाधिकारी, मुख्य लेखापरीक्षक अशी पदरचना आली. स्थायी समिती आणि महासभा यांच्यासाठी गोषवारे, ठराव आणि इतिवृत्त यांचे नवे दप्तर सुरू झाले. पुढे शहराचे सहा प्रभाग करून प्रभाग कार्यालये चालवण्यात आली. त्यामुळे नागरिकाचे अंतर कमी झाले, पण नस्तीचा प्रवास वाढला. प्रभागातून मुख्यालयात आणि मुख्यालयातून प्रभागात टपाल वहीसह शिपाई जात-येत राहिले.

करपद्धतीही बदलत गेली. नाक्यावर पावती फाडून घेतली जाणारी जकात गेली. तिच्या जागी व्यापाऱ्याच्या विवरणपत्रावर चालणारा स्थानिक संस्था कर आला. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. पावतीपुस्तकाकडून विवरणपत्राकडे आणि विवरणपत्राकडून सामायिक संगणकीय जाळ्याकडे झालेला हा प्रवास आपल्या लेखा विभागाने एका पिढीत अनुभवला.

कल्याण-डोंबिवलीने दाखवलेली वाट

या शतकाच्या आरंभी ठाणे जिल्ह्यातल्याच कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने राज्याला वाट दाखवली. एबीएम नॉलेजवेअर या मुंबईच्या कंपनीच्या साहाय्याने तिने जन्म-मृत्यू नोंद, मालमत्ता कर, पाणीपट्टी, परवाने, तक्रारी ही कामे एका संगणकीय व्यवस्थेत आणली आणि नागरी सुविधा केंद्र सुरू केले. पुढे राज्य शासनाने हा नमुना इतर नागरी संस्थांत नेण्याचे ठरवले.

सुविधा केंद्राची कल्पना साधी पण फार परिणामकारक होती. नागरिकाने विभागात जायचे नाही. खिडकीवर अर्ज द्यायचा, टोकन क्रमांक घ्यायचा आणि ठरल्या तारखेला उत्तर घ्यायचे. आतले सगळे फिरणे अर्जाने करायचे. मागची टेबले तीच राहिली, पण नागरिक त्यांच्या रांगेतून मोकळा झाला. मोकळेपणाबरोबर त्याला एक हक्कही मिळाला. टोकन क्रमांक हातात असल्याने आपले काम कुठे अडले ते तो विचारू शकत होता. मीरा-भाईंदरसह राज्यातल्या महापालिकांत नागरी सुविधा केंद्रे आली ती याच विचाराने.

एका अर्जाची वाटचाल

हा बदल नेमका काय आहे, हे पाहायला मीरा रोडवर सर्वांत जास्त भेटणारे एक प्रकरण घेऊ. कुटुंबाने सदनिका विकत घेतली आहे आणि घरपट्टीच्या देयकावर जुन्या मालकाचे नाव आहे. ते बदलायचे आहे.

जुन्या पद्धतीत अर्जासोबत नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक दोनचा (इंडेक्स टू) उतारा, गृहनिर्माण संस्थेचे ना हरकत पत्र आणि कर भरल्याची पावती यांच्या प्रती जोडल्या जात. लिपिक प्रत्येक प्रत मुळाशी ताडून पाही, थकबाकीसाठी वसुलीची वही उघडी, टिप्पणी लिही आणि नस्ती वर पाठवी. एखादी प्रत राहिली तर ते आठवड्यानंतर समजे आणि सारे पुन्हा पहिल्यापासून.

चांगली रचलेली प्रणाली इथे चार गोष्टी करते. जोडपत्र अपुरे असेल तर अर्ज स्वीकारण्यापूर्वीच सांगते. थकबाकी स्वतः तपासते, कारण कराचा हिशेब त्याच यंत्रणेत असतो. अर्ज कोणत्या अधिकाऱ्याच्या कामयादीत गेला आणि किती दिवस झाले, हे नोंदवते. आणि मुदत संपत आली की वरिष्ठाला कळवते. नोंदणी विभागाने आपले दस्त संगणकावर आणल्यामुळे सूची क्रमांक दोन आता ऑनलाइन पाहता येते. शासनाच्या एका विभागाने जपलेला कागद दुसऱ्या विभागाने नागरिकाकडून पुन्हा मागू नये, हा या साऱ्यातला सर्वांत नागरिकप्रेमी विचार आहे आणि तो अजून पूर्णपणे अमलात यायचा आहे.

लहान व्यावसायिकाच्या बाबतीत फायदा आणखी मोठा. भाईंदरमधल्या भांड्यांच्या कारखानदाराला महापालिकेचा परवाना हवा असतो, अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला हवा असतो आणि कामगार विभागाच्या नोंदीही असतात. कागदाची एकच नस्ती असेल तर या पायऱ्या एकामागून एक चढाव्या लागतात. इलेक्ट्रॉनिक नस्ती मात्र एकाच वेळी दोन विभागांना दिसते आणि दोघेही समांतर तपासणी करू शकतात. त्यामुळे वाचणारा वेळ उद्योजकाचा असतो आणि त्या कारखान्यात रोज मजुरीवर येणाऱ्या कामगारांचाही.

व्यापारी जगाकडून आलेले तंत्र

हे तंत्र प्रथम मोठ्या व्यवसायांच्या गरजेतून वाढले. बँका आणि विमा कंपन्यांकडे कागदांचे डोंगर होते. अमेरिकेत 1982 मध्ये स्थापन झालेल्या फाइलनेट कंपनीने कागदाची प्रतिमा घेऊन तीच टेबलांवरून फिरवण्याची व्यवस्था विकसित केली. आपल्याकडे भारतीय आयुर्विमा महामंडळाने विमेदारांच्या कागदपत्रांचे मोठ्या प्रमाणावर संगणकीकरण केले.

मुंबईच्या परिसरातील प्रत्येकाने अनुभवलेले उदाहरण धनादेशाचे आहे. पूर्वी धनादेशाचा कागद एका बँकेतून समाशोधन गृहात आणि तिथून दुसऱ्या बँकेत गाडीने जाई. रिझर्व्ह बँकेने धनादेशाच्या प्रतिमेवर चालणारी समाशोधन पद्धत 2008 मध्ये दिल्लीत, 2011 मध्ये चेन्नईत आणि 2013 मध्ये मुंबईत आणली. कागद जिथे जमा झाला तिथेच राहतो, प्रतिमा पुढे जाते, पैसे लवकर जमा होतात. महापालिकेत रोज येणाऱ्या कराच्या धनादेशांनाही याचा लाभ झाला.

बांधकाम परवानगीच्या क्षेत्रात पुण्याने नाव कमावले. तिथल्या सॉफ्टटेक कंपनीची ऑटोडीसीआर ही प्रणाली वास्तुविशारदाचा नकाशा वाचून चटई क्षेत्र, मोकळ्या जागा, जिन्यांची रुंदी नियमांत बसते का हे तपासते. डिसेंबर 2020 मध्ये राज्याच्या बहुतांश भागासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि अशा तपासणीला समान आधार मिळाला. मोजमापाचे काम यंत्राकडे गेले की अभियंत्याला जागेवर जाऊन पाहायला वेळ मिळतो, आणि इमारतीची सुरक्षितता शेवटी तिथेच ठरते.

कायद्याने लावलेले घड्याळ

सॉफ्टवेअरला अर्थ आला तो कायद्यांमुळे. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंद आणि सही यांना कायदेशीर मान्यता दिली. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला नस्ती पाहण्याचा हक्क दिला. टिप्पणीत कोणी काय लिहिले हे बाहेर येऊ शकते, ही जाणीव प्रत्येक टेबलावर पोहोचली.

त्याच सुमारास महाराष्ट्राने बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा कायदा केला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा त्यामागे मोठा रेटा होता. शासकीय कर्मचाऱ्याकडे कोणतीही फाईल सामान्यतः सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे तो सांगतो. तातडीच्या फायलीसाठी चार दिवस, अत्यंत तातडीची असेल तर तोच दिवस किंवा दुसरी सकाळ. पण कागदी व्यवस्थेत हे सात दिवस मोजायचे कोणी? हालचाल नोंदवही भरणारा आणि विलंब करणारा बहुधा एकच असे. मोजमाप माणसाच्या हातून काढून प्रणालीकडे दिले, तेव्हा हा नियम अमलात आणणे शक्य झाले.

2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने पुढचे पाऊल टाकले. प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत, तिच्यासाठी पदनिर्देशित अधिकारी, त्यावर प्रथम आणि द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याआधी दाखला मिळणे बऱ्याच अंशी अधिकाऱ्याच्या सद्भावनेवर असे. आता तो हक्क आहे आणि ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर अर्ज केल्याक्षणी त्याचे घड्याळ सुरू होते.

मंत्रालयाची आग आणि ई-ऑफिस

21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. वरचे मजले जळाले, माणसे दगावली आणि असंख्य नस्त्या नष्ट झाल्या. एका दुपारी राज्याच्या स्मरणाचा केवढा भाग राख होऊ शकतो हे सर्वांनी पाहिले. दस्तऐवजांची दुसरी प्रत दुसऱ्या जागी असलीच पाहिजे, हा धडा त्या दिवसाने दिला आणि फायलींच्या संगणकीकरणाला गती मिळाली.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेली ई-ऑफिस प्रणाली शासकीय नस्तीची रीत मोडत नाही. टिप्पणी आणि पत्रव्यवहार हे तिचे दोन भाग पडद्यावरही तसेच आहेत. लिपिक टिप्पणी लिहितो, वरिष्ठ शेरा देतो, स्वाक्षरी डिजिटल असते. फरक इतकाच की एकदा लिहिलेली टिप्पणी मागाहून गुपचूप बदलता येत नाही आणि प्रत्येक हालचालीला तारीख-वेळ लागते. महाराष्ट्रात ती आरंभी स्वीकारणाऱ्यांत सिंधुदुर्गचे जिल्हाधिकारी कार्यालय होते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा या प्रणालीचे महत्त्व सर्वांना पटले. कार्यालयात माणसे मोजकीच आणि निर्णय मात्र रोज घ्यायचे, अशा काळात ई-नस्ती घरून पुढे सरकू शकत होती.

2025 मध्ये राज्य शासनाने प्रथम शंभर दिवसांचा कार्यालयीन सुधारणा कार्यक्रम राबवला आणि त्यानंतर दीडशे दिवसांचा. दुसऱ्या कार्यक्रमात संकेतस्थळ, ‘आपले सरकार’, ई-ऑफिस, डॅशबोर्ड, व्हॉट्सॲपवरून सेवा, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि भौगोलिक माहिती प्रणाली या कसोट्या होत्या. कचेरीची शिस्त हा जाहीर मूल्यमापनाचा विषय झाला, हे या काळाचे वैशिष्ट्य.

आपल्या शहराला याच संदर्भात अभिमान वाटावा असे एक कार्यालय मीरा रोडवर आहे. 1 ऑक्टोबर 2020 रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. सदानंद दाते हे त्याचे पहिले आयुक्त. हे आयुक्तालय जन्मले तेव्हा गुन्ह्यांची नोंद आणि तपासाचे टप्पे सीसीटीएनएस या देशव्यापी संगणकीय जाळ्यावर गेलेले होते. शंभर दिवसांच्या कार्यक्रमात राज्यातल्या पोलीस आयुक्तालयांत ते पहिले आले.

मराठी अक्षरांचा प्रश्न

या इतिहासातले एक प्रकरण मराठीचे आहे आणि त्याची नोंद घेतलीच पाहिजे. 1990 च्या दशकात आणि नंतरही बराच काळ कार्यालयांतली मराठी सी-डॅकच्या किंवा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या पॅकेजांवर टंकली जाई. त्या पॅकेजांनी मराठीला संगणकावर आणले, हे त्यांचे ऋण आहे. पण त्या फॉन्टची अक्षरे आतून वेगळ्या सांकेतिक क्रमांकांनी साठवली जात. एका यंत्रावरचे पत्र दुसऱ्यावर उघडले की निरर्थक चिन्हे दिसत. साठवलेल्या मजकुरात शब्द शोधता येत नसे.

युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. कार्यालयांत तो रुळायला वर्षे लागली. 2001 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने हजारो कर्मचाऱ्यांना संगणक हाताळायला शिकवले आणि पुढे युनिकोडच्या वापराने मराठी मजकूर शोधण्याजोगा झाला. 2022 मध्ये स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठी अनिवार्य करणारा कायदा झाला. त्यामुळे महापालिकेने घेतलेल्या प्रत्येक प्रणालीत टिप्पणी, पत्र, शोध आणि दाखला मराठीत नीट चालला पाहिजे, ही आता कायद्याची अपेक्षा आहे. जोडाक्षर फुटले की दाखल्यावरचे नाव चुकते, आणि चुकलेले नाव माणसाला आयुष्यभर दुरुस्त करत फिरावे लागते.

संकेतस्थळ : संस्थेचा जाहीर फलक

माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 संस्थेला स्वतःहून माहिती जाहीर करायला सांगते. कार्यपद्धती, अधिकाऱ्यांची कर्तव्ये, अंदाजपत्रक, निर्णयप्रक्रिया अशा सतरा बाबी. पूर्वी त्या फलकावर आणि पुस्तिकेत असत. आज त्यांची जागा महापालिकेच्या संकेतस्थळावर आहे. कर तिथेच भरता येतो, निविदा आणि सूचनाही तिथेच दिसतात.

संकेतस्थळ जिवंत ठेवणे हे रोजचे काम आहे. कोणता मजकूर कोणी लिहायचा, कोणी तपासायचा, कधी प्रसिद्ध करायचा आणि जुना कधी काढायचा, याची शिस्त लावते ती कंटेंट मॅनेजमेंट प्रणाली. प्रत्येक विभागाला स्वतःचे पान अद्ययावत ठेवण्याचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही मिळतात. बदली झालेल्या अधिकाऱ्याचे नाव महिनोन् महिने तसेच राहिले, तर नागरिक चुकीच्या दारी जातो. म्हणून संकेतस्थळावरची प्रत्येक तारीख हीदेखील सेवाच आहे. नोंदींच्या अचूकतेचे महत्त्व तर आणखी वाढले आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचा जन्मदाखला शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत आधार ठरतो. मीरा रोडच्या एखाद्या रुग्णालयात जन्मलेल्या बाळाची आपल्या महापालिकेने केलेली नोंद आता आयुष्यभर त्याच्याबरोबर राहणार आहे.

पुढील पंचविशीसाठी

या चाळीस वर्षांतून एक निष्कर्ष स्पष्ट निघतो. जिथे टेबलांची साखळी आधी विचारपूर्वक आखली होती, तिथे सॉफ्टवेअरने काम सोपे केले. जिथे अनावश्यक टप्पे तसेच ठेवून वर संगणक बसवला, तिथे तेच टप्पे पडद्यावर आले. म्हणून प्रत्येक नव्या प्रणालीपूर्वी विचारले पाहिजे की ही सही कशासाठी, हा कागद कशासाठी आणि तो आपल्याकडे आधीच आहे का.

तीन कामे पुढच्या पिढीवर सोपवावीशी वाटतात. नऊ ग्रामपंचायतींची जी दप्तरे हाती आहेत, त्यांच्या प्रतिमा काढून, अनुक्रमणिका लावून ती नागरिकांना आणि अभ्यासकांना खुली करावीत. महापालिकेचे ठराव आणि इतिवृत्त 2002 पासून युनिकोड मराठीत शोधण्याजोगे करावेत, म्हणजे कोणता रस्ता कोणत्या ठरावाने झाला हे कोणालाही पाहता येईल. आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्यांना अक्षरओळख कमी आहे, अशा उत्तनच्या कोळणीपासून काशीमिऱ्याच्या मजुरापर्यंत प्रत्येकासाठी सुविधा केंद्राची खिडकी आणि तिच्यामागचा समंजस माणूस कायम ठेवावा.

अर्जाला क्रमांक, कामाला मुदत आणि निर्णयाला नाव, हे नगरपालिकेच्या बारनिशीने शिकवले आणि संगणकाने ते मोजता येण्याजोगे केले. आठ लाखांहून अधिक माणसांच्या या शहरात प्रत्येकाच्या अर्जाला सारखीच वागणूक मिळावी, ओळख असलेल्याला लवकर आणि नसलेल्याला उशिरा असे कधी होऊ नये, यासाठी ही सारी व्यवस्था आहे. ती चालवणाऱ्या प्रत्येक लिपिकाने, अधिकाऱ्याने आणि लोकप्रतिनिधीने हे व्रत पुढील पंचविशीतही सांभाळावे.